पाळण्याबाहेर उभी असलेली आई

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड येतात, तलवारी येतात, शाळेत पाठ केलेल्या सनावळ्या येतात. आज मी इतिहास सांगणार आहे तो पाळण्यांचा. जत्रेतला आकाशपाळणा, शहराजवळचं वॉटर पार्क, टीव्हीवर दिसणारं डिस्नेलँड, या सगळ्या खेळण्याच्या जागा कशा सुरू झाल्या, तिथे काय काय घोटाळे झाले आणि त्यातून लोक काय शिकले, ते आज ऐकूया.

या इतिहासात एक बाई आपल्याला सारखी भेटते. ती पाळण्यात बसलेली नसते. एका हातात पोराच्या चपला, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, खांद्याला डब्याची पिशवी, अशी ती बाहेर उभी असते. नजर वर, पाळण्याकडे. सगळे मजा करून खाली आले की ती चपला वाटते, तोंडं पुसते, डबे उघडते. आणि एखादं पोर पडलं, ओकलं, हरवलं, तर पहिला प्रश्न तिलाच असतो. "तुझं लक्ष कुठं होतं?"

हा प्रश्न आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. तो बरोबर आहे का, हे तपासायला आपण जरा लांबून, परदेशातून सुरुवात करू.

डेन्मार्क देशाची राजधानी कोपनहेगन. तिथे १८४३ साली टिवोली नावाची करमणुकीची बाग उघडली. दिवे, वाद्यं, झुले, खाण्याची दुकानं. ती बाग आजही सुरू आहे. पुढे अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या कडेला, समुद्राकाठी कोनी आयलंड या जागी अशा बागांची रांगच लागली. १८९७ मध्ये स्टीपलचेस पार्क, १९०३ मध्ये लुना पार्क, १९०४ मध्ये ड्रीमलँड. विजेचा दिवा तेव्हा नवलाईचा होता. हजारो दिव्यांनी उजळलेली ती बाग बघायला माणसं आगगाडीने, बोटीने येत. आठवडाभर कारखान्यात राबायचं आणि रविवारी इथे येऊन खिसा मोकळा करायचा, असा रिवाज होता. तरुण मंडळी जास्त. मुलं येत, पण मुलांचा आणि त्यांच्या आईचा विचार करून कुणी काही बांधलेलं नव्हतं.

याच कोनी आयलंडवर एक अशी गोष्ट घडली की ऐकून विश्वास बसू नये. आपल्याकडे बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलं की त्याला काचेच्या पेटीत ठेवतात. आपल्यापैकी कितीतरी जणींची बाळं जिल्ह्याच्या दवाखान्यात अशी पेटीत राहून मोठी झाली. ही पेटी म्हणजे इन्क्युबेटर. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या बहुतेक दवाखान्यांत ही सोय नव्हती. अपुऱ्या दिवसांचं बाळ जगणारच नाही असं धरून चालत.

मार्टिन कूनी नावाचा एक माणूस होता. त्याने या पेट्या कुठे मांडल्या असतील? तर करमणुकीच्या बागेत! एका बाजूला पाळणे फिरतायत, दुसऱ्या बाजूला खाण्याच्या गाड्या, आणि मध्ये एका इमारतीत काचेच्या पेट्यांत खरीखुरी, जिवंत, तळहाताएवढी बाळं. बाहेर तिकीटखिडकी. लोक पंचवीस सेंट देऊन आत जायचे आणि कठड्यापलीकडून बाळं बघायचे. त्या पैशातून शिकलेल्या परिचारिकांचे पगार निघायचे, दूध पाजणाऱ्या दायांचा खर्च निघायचा. बाळाच्या आईबापाकडून कूनी एक पैसाही घेत नव्हता.

बाळांचं असं प्रदर्शन मांडणं योग्य होतं का, यावर तेव्हाही वाद झाले. कूनी खरोखर डॉक्टरकी शिकला होता याचा पुरावाही पुढे अभ्यासकांना मिळाला नाही. पण १९०३ पासून १९४३ पर्यंत, चाळीस वर्षं, त्याने हे कोनी आयलंडवर चालवलं. त्याच्याकडे साडेसहा हजारांच्या आसपास बाळं वाचली असं सांगतात. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दवाखान्यात अशा बाळांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला तेव्हा त्याने आपलं काम बंद केलं.

आता विचार करा. ती बाळं आधी मरत होती तेव्हा आयांची माया कमी पडत होती का? माया तेवढीच होती. पेटी नव्हती, परिचारिका नव्हती, पैसा नव्हता. ते उभं राहिलं आणि तीच बाळं जगली. माया आणि सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुढचं सगळं ऐकताना लक्षात ठेवा.

कूनीच्या पेट्या ड्रीमलँडमध्येही होत्या. २७ मे १९११ ची पहाट. हंगाम त्याच दिवशी सुरू व्हायचा होता. रात्री उशिरापर्यंत कामगार एका खेळाची गळती बुजवत होते. त्या खेळाचं नाव होतं हेल गेट, म्हणजे नरकाचं दार. गळती बुजवायला गरम डांबर आणलेलं. अचानक दिवे गेले. अंधारात डांबराची बादली लवंडली आणि आग लागली. सगळी बाग लाकडाची आणि वरून गिलाव्याची. काही तासांत ड्रीमलँड जळून खाक झालं. तिथल्या प्राण्यांपैकी कितीतरी होरपळून मेले. पेटीतली बाळं मात्र वेळेत बाहेर काढली, सगळी वाचली. बाग तेव्हा लोकांसाठी बंद होती म्हणून माणसं वाचली. तीच आग दुपारी लागली असती तर? ही आग आपण लक्षात ठेवू. तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

आता अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात जाऊ. ही गोष्ट आपल्या गटातल्या सगळ्या उद्योग करणाऱ्या बायांनी कान देऊन ऐकावी. बुएना पार्क नावाच्या गावात वॉल्टर नॉट आणि त्याची बायको कॉर्डेलिया नॉट हे शेतकरी जोडपं राहायचं. १९२० मध्ये ते तिथे आले आणि जमीन खंडाने घेऊन बेरीची फळं पिकवू लागले. रस्त्याच्या कडेला फळं विकायची, मुरंबे विकायचे. चार मुलं, तीन मुली आणि एक मुलगा. सगळी हाताखाली काम करायची.

मग अमेरिकेत मोठी मंदी आली. लोकांच्या नोकऱ्या गेल्या, पिकाला भाव उरला नाही. १९३४ साली कॉर्डेलियाने ठरवलं की आपण जेवण करून विकायचं. तळलेली कोंबडी, भाजी, बटाटे, पाव आणि शेवटी बेरीची गोड पाय. पहिल्या दिवशी आठ ताटं गेली. एका ताटाची किंमत पासष्ट सेंट. वाढायला वेगळी भांडी नव्हती, म्हणून तिने लग्नात मिळालेली चिनी मातीची भांडी काढली.

चव लोकांच्या तोंडी बसली. आठाची ऐंशी झाली, ऐंशीची शेकड्यांनी झाली. १९४० च्या सुमाराला रविवारी हजारो लोक जेवायला यायचे आणि तासन्‌तास रांगेत उभे राहायचे. रांगेत मुलंही असायची. भुकेलं पोर उन्हात रांगेत उभं असलं की काय करतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. रडतं, लोळण घेतं, दुसऱ्याच्या पोराला चिमटे काढतं. मग वॉल्टरने या थांबलेल्या लोकांसाठी काहीतरी बघायला उभं करायचं ठरवलं. १९४० पासून त्याने आवारात जुन्या काळातलं एक गाव वसवायला घेतलं. लाकडी दुकानं, लोहाराचा भाता, घोडागाडी. लोक जेवायला यायचे आणि वाट बघताना मुलांना गावात फिरवून आणायचे. हळूहळू त्याचंच मोठं थीम पार्क झालं. नॉट्स बेरी फार्म या नावाने ते आजही चालू आहे. १९६८ पर्यंत तर आवारात शिरायला तिकीटही नव्हतं.

म्हणजे बघा, अमेरिकेतल्या एका मोठ्या थीम पार्कचं मूळ कशात आहे? एका बाईच्या चुलीत, आणि रांगेत कंटाळलेल्या पोरांत. गिऱ्हाईक थांबलं आहे, त्याच्यासोबत मूल आहे, त्या मुलाचंही बघायला हवं, एवढं त्यांना कळलं. आपल्या गटांचे खाद्यपदार्थांचे स्टॉल लागतात तेव्हा त्यातलं थोडं आपल्यालाही घेता येईल.

नॉट यांच्या शेतापासून थोड्याच अंतरावर पुढे डिस्नेलँड उभं राहिलं. वॉल्ट डिस्ने हा चित्रपटवाला. मिकी माऊस त्याचाच. त्याला दोन मुली होत्या, डायन आणि शेरन. सुट्टीच्या दिवशी तो त्यांना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये न्यायचा. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसायच्या आणि तो बाकड्यावर बसून शेंगदाणे खात त्यांच्याकडे बघत राहायचा. तिथे बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं की आईबापांनी आणि मुलांनी मिळून मजा करावी अशी एखादी जागा का नसावी?

तुम्ही म्हणाल, ताई, आपण तर वर्षानुवर्षं अशाच बाहेर बसतोय, आपल्याला का नाही हे सुचलं! सुचलं असतं हो. पण बाकड्यावर बसून विचार करायला दोन्ही हात मोकळे लागतात.

वॉल्टने बायकोला, लिलियनला, हा विचार सांगितला तेव्हा ती म्हणाली की या करमणुकीच्या बागा तर घाणेरड्या असतात, असलं काही कशाला काढायचं? हे तिचं म्हणणं खरंच होतं. म्हणून आपली जागा स्वच्छ असली पाहिजे हे त्याने मनाशी पक्कं केलं. मघाशी सांगितलेली टिवोली बागही तो बघून आला. तिथली स्वच्छता त्याला भावली.

मग ॲनाहाइम या गावी १६० एकर फळबागांची जमीन घेतली, एका वर्षात बांधकाम केलं, एक कोटी सत्तर लाख डॉलर खर्च झाले. आणि १७ जुलै १९५५, रविवार, उद्‌घाटनाचा दिवस आला. एवढा पैसा, एवढी हुशार माणसं. आता ऐका त्या दिवशी काय झालं ते.

त्या दिवशी फक्त निमंत्रितांना प्रवेश होता. पण लोकांनी खोटी तिकिटं छापली आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त, अठ्ठावीस हजारांच्या आसपास माणसं आत आली. ऊन अडतीस अंशांचं. रस्त्याचं डांबर नुकतंच टाकलेलं, ते उन्हाने मऊ झालं आणि बायकांच्या टाचेच्या चपला त्यात रुतू लागल्या. आधी नळ जोडणाऱ्या प्लंबर लोकांचा संप झाला होता. त्यामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ किंवा संडास, यातलं एकच वेळेत पुरं होईल अशी पाळी आली. वॉल्टने संडास निवडले. लोक तहानेने व्याकुळ झाले आणि म्हणू लागले की यांनी थंड पेयं खपवायला नळ बंद ठेवलेत. खायचं संपलं. एका भागात गॅसची गळती झाली, तो भाग बंद करावा लागला. मार्क ट्वेन नावाच्या आगबोटीत इतकी माणसं चढली की ती बुडायला आली. काही आईबाप तर मुलांना लोकांच्या डोक्यांवरून पुढे ढकलून पाळण्यात बसवत होते असं सांगतात.

हे सगळं चालू असताना टीव्हीवर थेट कार्यक्रम सुरू होता आणि कोट्यवधी लोक तो बघत होते. निवेदन करणाऱ्यांत रोनाल्ड रेगन होते, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. टीव्हीवर सगळं छान दिसत होतं. आत काम करणाऱ्यांनी मात्र त्या दिवसाला काळा रविवार असं नाव ठेवलं.

मला ही गोष्ट फार आवडते. आपल्या सहलीत पाण्याचा कॅन विसरला, जेवण कमी पडलं, तर आपण वर्षभर एकमेकींना टोमणे मारतो. इथे एक कोटी सत्तर लाख डॉलर घालून पाणी कमी पडलं! पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकेक गोष्ट दुरुस्त करायला घेतली. गर्दी कशी सोडायची, रांग कशी वळवायची, पाणी कुठे हवं, हे लिहून काढलं. कामावरच्या माणसांना शिकवलं की येणाऱ्याला गिऱ्हाईक म्हणायचं नाही, पाहुणा म्हणायचं. बाळाचे कपडे बदलायला, दूध गरम करायला, अंगावर पाजायला वेगळी जागा केली. हरवलेल्या मुलांना सांभाळायला माणसं नेमली. सात आठवड्यांत दहा लाख लोक येऊन गेले.

तिथे कुणी असं म्हटलं नाही की पाणी नाही तर आईने घरून का आणलं नाही. चूक जागेची आहे आणि दुरुस्ती जागेत करायची आहे, असं त्यांनी धरलं. त्यांना ते धरावंच लागलं, कारण आई दमली की सगळं कुटुंब परत जातं, आणि कुटुंब गेलं की धंदा जातो.

अर्थात तिथे पुढे अपघात झालेच नाहीत असं नाही. डिस्नेलँडमध्ये १९५९ साली मॅटरहॉर्न नावाचा डोंगराच्या आकाराचा खेळ सुरू झाला. डोंगरातून वेगाने गाड्या धावतात. १९६४ मध्ये त्यातला पंधरा वर्षांचा एक मुलगा पट्टा सुटलेला असताना चालत्या गाडीत उभा राहिला, खाली फेकला गेला आणि काही दिवसांनी वारला. पट्टा, दांडी, उंचीची पट्टी, या गोष्टी आपल्याला कटकट वाटतात. उंचीच्या पट्टीपाशी पोराला परत पाठवलं की ते भोकाड पसरतं आणि आपण त्या कर्मचाऱ्याला गयावया करतो, "बसू द्या हो दादा, दोन बोटांनी तर कमी आहे." पण ती पट्टी का असते? पाळण्याची दांडी ठरावीक मापाच्या अंगासाठी बनवलेली असते. लहान पोराच्या मांडीवर ती नीट टेकत नाही. पाळणा वळला, उलटा झाला की पोर त्या फटीतून सरकतं. त्या दोन बोटांत पोराचा जीव असतो.

आता आपल्या देशात येऊ. आपल्याकडे जत्रेतले पाळणे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण कायमची करमणूक बाग आली ती १९८४ साली, दिल्लीत, अप्पू घर. १९८२ च्या आशियाई खेळांचं चिन्ह असलेल्या अप्पू हत्तीवरून ते नाव पडलं. २००८ मध्ये ते बंद झालं. महाराष्ट्रात १९८९ साली मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. बोटीतून खाडी ओलांडून जायचं, त्यामुळे जाण्यातच निम्मी मजा. टीव्हीवरच्या जाहिरातीमुळे ते नाव खेड्यापाड्यातल्या पोरांनाही पाठ होतं. शेजारी १९९८ मध्ये वॉटर किंगडम आलं. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं. आता तालुक्यातालुक्याला छोटी वॉटर पार्कं झाली आहेत, आणि आपल्या गटांच्या सहली तिथे जातात.

सहली वाढल्या ही चांगलीच गोष्ट आहे. पण पाळणे आले त्या वेगाने शिस्त आली का? आता मघाच्या त्या आगीकडे येते. २५ मे २०२४, शनिवार, शाळांना सुट्टी. गुजरातमधल्या राजकोट शहरात एका गेम झोनमध्ये मुलं खेळत होती. तिकीट स्वस्त केलेलं, त्यामुळे गर्दी होती. आत वेल्डिंगचं काम चालू होतं. ठिणगी पडली, आग लागली आणि पत्र्याचा तो सांगाडा पेटला. २७ जणांचा जीव गेला, त्यात लहान मुलंही होती. अग्निशमन खात्याचा ना-हरकत दाखला त्या जागेकडे नव्हता, हे नंतर उघड झालं.

ड्रीमलँड १९११, राजकोट २०२४. मध्ये ११३ वर्षं गेली. तिथेही दुरुस्तीचं काम, इथेही. तिथेही लगेच पेट घेणारं बांधकाम, इथेही. फरक एवढाच की तिथे बाग बंद असताना काम चाललं होतं आणि इथे मुलं आत असताना. त्या दिवशी राजकोटला ज्यांनी मुलांना खेळायला नेलं, त्यांचं लक्ष नव्हतं का? मुलाचा हात घट्ट धरला म्हणून दाखला नसलेली जागा सुरक्षित होत नाही.

आपल्याच भागातली एक घटना सांगते. गेल्या वर्षी एका गटाची सहल वॉटर पार्कला गेली, मीही सोबत होते. दुपारी जेवणाच्या वेळी पाच वर्षांची एक मुलगी दिसेना. भोंग्यावरून पुकारा करा म्हणून सांगायला आम्ही पळालो. गेटवरचा माणूस म्हणाला, आत ऑफिसात विचारा. आतला म्हणाला, गेटवर विचारा. पुकारा काही झालाच नाही. पाऊण तासाने ती मुलगी कपडे बदलायच्या खोल्यांमागे सापडली. एका अनोळखी आजींच्या मांडीवर बसून पापड खात होती. त्या आजींनी तिला हलू दिलं नव्हतं, "तुझी आई इथंच येईल" म्हणून धीर देत बसल्या होत्या.

परतीच्या गाडीत सगळे तिच्या आईलाच बोलत होते. त्या आईकडे त्या दिवशी तीन मुलं होती. ती पाण्यात उतरणार नव्हती, म्हणून पाच जणींचे मोबाइल, पाकिटं आणि कोरडे कपडे तिच्याच जवळ ठेवलेले होते. ती पिशव्या सोडून पोरीमागे धावली असती तर मोबाइल गेले म्हणून बोलणी खाल्ली असती. पिशव्या सांभाळल्या तर पोरीवरून बोलणी खाल्ली. पुकारा का झाला नाही, हे त्या गाडीत कुणीच विचारलं नाही.

म्हणून मैत्रिणींनो, या इतिहासातून मी एवढंच घेतलंय. मूल सुखरूप राहणं हे आईच्या लक्षावर सोडून भागत नाही. त्याची सोय करावी लागते. आणि सोय होते ती कुणीतरी मागितली की. त्यासाठी काय विचारायचं ते सांगते. गटाच्या वहीत लिहून घ्या.

जायच्या आधी फोन करून विचारा. पिण्याचं पाणी कुठे मिळतं, फुकट की विकत? बायकांसाठी संडास किती आहेत? मूल हरवलं तर कुठे जायचं, पुकारा कोण करतं? पाण्यात उतरायला कुठले कपडे चालतात, भाड्याने घ्यावे लागले तर किती पैसे? साडीवर पाण्यात उतरू देत नाहीत हे तिथे पोचल्यावर कळलं, तर तिकिटाचे पैसे वाया जातात. कुठल्या खेळाला किती उंची लागते? तेवढी खूण घरच्या भिंतीवर करा आणि मुलाला आधीच दाखवा. घरी रडलेलं परवडतं.

तिथे पोचल्यावर पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून एक खूण ठरवा. मोठं झाड असेल, तिकीटखिडकी असेल. चुकामूक झाली तर तिथेच यायचं. लहान मुलांच्या हातावर पेनने मोबाइल नंबर लिहा, पाण्यात जाणार असतील तर गणवेशधारी माणूस कोण ते त्यांना दाखवून ठेवा. बंदिस्त जागेत शिरताना बाहेर पडायची दुसरी वाट बघा. दुसरी वाट नसेल, किंवा आत वेल्डिंग-दुरुस्ती चालू असेल, तर आत जाऊ नका. पाळण्यात बसल्यावर चालवणारा प्रत्येकाची दांडी हाताने ओढून बघतो का ते पाहा. बघत नसेल तर मुलाला उतरवा. तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.

पिशव्यांची पाळी लावा. एका तासाला दोघीजणी, पुढच्या तासाला दुसऱ्या दोघी. सोबत पुरुष मंडळी असतील तर त्यांचीही पाळी लावा. ज्या बाईकडे पिशव्या, तिच्याकडे त्या तासाला मुलं द्यायची नाहीत. हा नियम गटाच्या ठरावात लिहा.

आणि शेवटचं. गावची यात्रा येते तेव्हा यात्रा कमिटीत आपल्यापैकी किती जणी असतात? कुस्त्यांची बक्षिसं, तमाशाचं मानधन, रोषणाई, यावर बैठकी होतात. पाळणेवाल्याकडे परवानगीचे कागद आहेत का, पाळण्याचे नटबोल्ट कुणी तपासले, विजेची वायर जमिनीवर उघडी आहे का, बायकांसाठी आडोसा कुठे आहे, हरवलेल्या मुलांसाठी मंडप आणि माईक कुठे आहे, हे विचारायला ग्रामसंघाच्या दोघी जरी बैठकीला गेल्या तरी पुरेसं आहे. एक खुर्ची, एक माईक, पिण्याच्या पाण्याचा एक कॅन आणि पाळीने बसणाऱ्या दोन बाया. एवढ्यावर मुलांचा मंडप उभा राहतो, आणि त्याला फारसा खर्चही येत नाही.

तुमच्या गावात हे विचारलं का, काय उत्तर मिळालं, ते आपल्या रेडिओ केंद्रावर फोन करून नक्की सांगा. चांगलं उत्तर मिळालं तर गावाचं नाव घेऊन सांगू, म्हणजे शेजारच्या गावालाही विचारावंसं वाटेल. यंदाच्या सहलीत पाळणे थांबायच्या आत एकदा तरी तुम्हीही बसा. चपला सांभाळायची पाळी तेव्हा दुसऱ्या कुणाची तरी असेल. नमस्कार.